गाडी मागच्या सीटवर बसून घ्या : टेस्ट ड्राइव्हनंतर पडलेले वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मोठ्या फॅमिली गाड्यांबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून. बहुतेकांची टेस्ट ड्राइव्ह झालीय आणि त्यानंतर डोकं जास्तच फिरलंय. निवडक पत्रं घेतलीत. नावं छापत नाही, कारण गावात "अमक्याने साठ-सत्तर लाखाची गाडी बघितली" ही बातमी गाडीच्या आधी पोचते.

प्रश्न : आमचं एकत्र कुटुंब, घरात सात माणसं, केळीचा धंदा. मर्सिडीज जीएलसीचं डिझेल, बीएमडब्ल्यू एक्स३ चं डिझेल आणि ऑडी क्यू७ अशा तीन गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह घेतली. मला एक्स३ चं पिकअप आवडलं, लहान भाऊ जीएलसीवर अडून बसलाय, अप्पा म्हणतात क्यू७ मोठी दिसते तीच घ्या. आईचे गुडघे दुखतात. महिना झाला घरात रोज हीच चर्चा. काय करू? (रावेर)

भाऊ, तुमचं मूळ पत्र दीड पानी आहे, इथे थोडक्यात दिलंय. त्यात पिकअप आहे, स्टेअरिंग आहे, स्क्रीन केवढी ते आहे, साउंड सिस्टीम आहे, आणि आईचे गुडघे एका वाक्यात उरकलेत. माझ्या मते तुमचा अर्धा प्रश्न त्या एका वाक्यात आहे.

आधी पिकअपचं मिटवून टाकू. जीएलसी २२० डी आणि एक्स३ २० डी, दोन्हीत दोन लिटरचं डिझेल इंजिन, दोन्ही १९७ हॉर्सपॉवर, दोन्हीला चारही चाकांना ताकद, दोन्ही माइल्ड हायब्रिड, म्हणजे इंजिनाला थोडा हात देणारी छोटी बॅटरी-मोटर. शून्य ते शंभर जीएलसी ८ सेकंदात जाते आणि एक्स३ ७.७ सेकंदात. आता सावदा-फैजपूर रस्त्यावर पुढे केळीचा ट्रक, मागे केळीचा ट्रक, मधून बैलगाडी, तिथे हे तीन दशांश सेकंद तुम्ही कुठे वापरणार ते मला एकदा सांगा. एक्स३ चालवायला जास्त मजेशीर वाटते हे खरंय, ती गाडी स्टेअरिंगवर बसणाऱ्याला खूश करायलाच बनवलीय, पण मागे बसणाऱ्याला जीएलसी जास्त मऊ लागते, आणि आतलं फिनिशिंगही मला जीएलसीचंच उजवं वाटतं, एक्स३ च्या दरवाजांवरचं प्लास्टिक या किमतीला शोभत नाही.

पण या दोन्ही पाच सीटच्या गाड्या आहेत! घरात सात माणसं. आणि पाच म्हणजेसुद्धा कागदावर पाच, कारण ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट मधून जातो, त्यामुळे मागच्या फरशीवर मधोमध उंच फुगवटा असतो आणि मधला माणूस दोन पाय दोन बाजूला टाकून बसतो. टेस्ट ड्राइव्हला मध्ये कोण बसलं होतं? माझा अंदाज, कोणीच नाही. सेल्समन पुढे, तुम्ही स्टेअरिंगवर, भाऊ मागे ऐसपैस. लग्नसराईत तुमच्या घरातलं कोण त्या मधल्या जागेवर भुसावळपर्यंत जाणार ते आधी ठरवा, मग बोला.

डिकीचंही तसंच. कंपनी जीएलसीची डिकी ६२० लिटर सांगते, एक्स३ ची ५७०. आपल्याकडे या गटातल्या कित्येक गाड्यांत स्पेअर चाक डिकीतच वर ठेवलेलं असतं, त्यामुळे आकडा काहीही असो, चाक ठेवल्यावर किती बॅगा बसतात ते घरच्या बॅगा नेऊन बघायचं. शोरूमवाला हसेल, हसू द्या.

अप्पांची क्यू७ सात सीटची आहे, त्या हिशोबाने त्यांचं बरोबर आहे, भले त्यांनी कारण वेगळं दिलं असेल. तीन लिटरचं व्ही-६ पेट्रोल, ३४० हॉर्सपॉवर, एअर सस्पेन्शन म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, हायवेला गाडी जमिनीवर चाललीय असं वाटतच नाही. पण भारतात तिला डिझेल मिळत नाही, ऑडीने २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर इथलं डिझेल बंद केलं ते केलंच, आणि एवढं मोठं इंजिन पेट्रोल पिणारच. दुसरं म्हणजे तिसरी रांग. क्यू७ ची तिसरी रांग शाळकरी पोरांची, तिथे मोठा माणूस बसवला की गुडघे हनुवटीला. त्याच गटात व्होल्वो एक्ससी९० बघितली नाही का? तिची तिसरी रांग कंपनी १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसापर्यंत ठीक म्हणते, म्हणजे कॉलेजचं पोरगं नाशिकपर्यंत बसेल, कुरकुर करत का होईना. फक्त किमतीत ती क्यू७ च्याही वर जाते.

आता आईंचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला फार उंच गाडी त्रासाची आणि फार खालची पण त्रासाची, सीट जवळपास कमरेच्या उंचीला असली की माणूस नुसता टेकतो आणि पाय आत घेतो, चढावंही लागत नाही, वाकावंही लागत नाही. क्यू७ आणि एक्ससी९० ला एअर सस्पेन्शन असल्यामुळे गाडी खाली-वर होते, डेमोला हे मुद्दाम करून दाखवायला लावा. शिवाय दरवाजा किती रुंद उघडतो तेही बघा. तुमच्या वाड्याच्या बोळात दरवाजा पूर्ण उघडेल का?

म्हणून मी तुम्हाला एक चौथी गाडी सांगतो, शिव्या घालू नका. किआ कार्निव्हल. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नवीन आली तेव्हा ६३.९० लाख एक्स-शोरूम होती. सरकणारे दरवाजे, तेही बटणावर, त्यामुळे बोळात पण पूर्ण उघडतात. मधल्या रांगेत दोन वेगवेगळ्या खुर्च्या, पायाखाली आधार, सीटमधून थंड हवा, मागे तिघं व्यवस्थित. २.२ लिटर डिझेल. मला माहितीय तुम्ही काय म्हणणार, "ती व्हॅन आहे भो, लोक काय म्हणतील". लोक म्हणतील ते म्हणतील, आई त्यात एकट्या चढतील आणि उतरतील. हां, एक अडचण खरी आहे, गाडी पाच मीटरपेक्षा जास्त लांब आणि फक्त पुढच्या चाकांना ताकद, पावसाळ्यात केळीच्या मळ्यात काळ्या चिखलात घालायची नाही म्हणजे नाही. मळ्यासाठी तुमच्याकडे बोलेरो असेलच, नसेल तर रावेरमध्ये तुम्ही एकटेच.

चारही डेमो गाड्या घरी मागवा. एवढ्या किमतीच्या गाड्यांचे डीलर पाठवतात, तुम्ही मागायला लाजता म्हणून पाठवत नाहीत. आईंना बसवा, सगळ्यांना बसवा, सात जण भरून भुसावळला जाऊन या आणि परत येताना सेल्समनला तिसऱ्या रांगेत बसवा.

प्रश्न : आम्ही दोघंही डॉक्टर, एक मुलगा. रोज घर ते हॉस्पिटल तीन किलोमीटर, महिन्यातून एखाद-दोनदा नाशिक किंवा मुंबई. व्होल्वो एक्ससी६०, ऑडी क्यू५ आणि लेक्सस एनएक्स चालवून बघितल्या. मित्र म्हणतात यातलं काहीच घेऊ नका, डिझेल घ्या, अ‍ॅव्हरेज मिळेल. (धुळे)

मित्रांचं ऐकू नका, निदान या बाबतीत. रोज तीन किलोमीटर म्हणजे डिझेल गाडीला उपास घडवणं आहे. आजच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो भरला की गाडी स्वतः काजळी जाळते आणि त्यासाठी इंजिन बराच वेळ गरम राहून सलग पळावं लागतं, तीन किलोमीटरमध्ये ते गरमच होत नाही. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा, मग वर्कशॉप. ज्यांची रोजची धाव धुळे-मालेगाव आहे त्यांनी डिझेल खुशाल घ्यावं. वर डिझेल गाडीत धूर स्वच्छ करायला अ‍ॅडब्लू नावाचं द्रव भरत राहायचं असतं, ते काही महाग नाही पण संपत आलं हे लक्षात ठेवायला लागतं, आणि पूर्ण संपलं तर गाडी पुन्हा स्टार्ट होत नाही. ओपीडी सोडून ते कोण बघणार?

आता तुमच्या तिन्ही गाड्या पेट्रोलच्या आहेत ते बरंय. एक्ससी६० दोन लिटर टर्बो, २५० हॉर्सपॉवर, माइल्ड हायब्रिड. क्यू५ पण दोन लिटर टर्बो, ताकद जवळपास तेवढीच. एनएक्स ३५० एच हे वेगळंच प्रकरण आहे, अडीच लिटरचं इंजिन आणि खरं हायब्रिड, म्हणजे शहरात ट्रॅफिकमध्ये बराच वेळ ती बॅटरीवरच सरकते. तुमच्यासारख्या रोजच्या छोट्या फेऱ्यांना अ‍ॅव्हरेजच्या बाबतीत तिच्यासमोर बाकीच्या दोघी उभ्या राहणार नाहीत. पण जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो, लळिंग घाटात ओव्हरटेक करताना हे जाणवेल, टेस्ट ड्राइव्हला घाटात नेली होती का? नसेल तर परत मागा. आणि तिची सर्व्हिस कुठे होणार, गाडी न्यायला-आणायला कोण येणार, हे लेखी विचारा. तोंडी सगळेच "सर आम्ही आहोत ना" म्हणतात.

क्यू५ बद्दल एकच बोलतो. नवी पिढी जगात २०२४ च्या सप्टेंबरमध्ये दाखवली गेली, त्यामुळे तुम्हाला दाखवलेली गाडी कोणत्या पिढीची आहे ते आधी विचारा. जुनी असेल तर वाईट नाही, गाडी अजून झकास आहे, क्यू५ आणि क्यू७ दोन्ही आपल्या शेजारीच संभाजीनगरच्या शेंद्र्याला जोडल्या जातात, पण मग किमतीत घसघशीत सूट मागा, मिळते.

एक्ससी६० च्या सीट्स या तिघींत मला सगळ्यात आवडल्या. दिवसभर उभं राहून ऑपरेशन करणाऱ्या माणसाच्या पाठीला त्या कळतील. मागे खिडक्यांच्या मधल्या खांबातून एसीची हवा येते, ती मुलाच्या थेट तोंडावर जाते, आपल्याकडच्या मे महिन्यात हे फार मोठं सुख आहे. तीन पॉइंटचा सीटबेल्ट १९५९ ला याच कंपनीने आणला आणि पेटंट सगळ्यांना खुलं केलं, त्यामुळे सेफ्टीचं नाव त्यांचं आहे ते उगाच नाही. मात्र एसीसकट सगळं स्क्रीनमध्ये घातलंय, चालवताना बोटं नाचवावी लागतात, ते मला पटत नाही. गाडीच्या मूळ ढाच्याचं वय झालंय, २०१७ पासूनचा आहे, २०२५ ला वरून रंगरंगोटी केलीय. तरी माझं मत तिलाच. अ‍ॅव्हरेज हाच तुमच्यासाठी मोठा मुद्दा असेल तर एनएक्स.

पेट्रोलचं एक राहिलं. या टर्बो गाड्यांना ९५ ऑक्टेनचं, म्हणजे साध्यापेक्षा वरच्या दर्जाचं पेट्रोल मानवतं, टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. हायवेच्या मोठ्या पंपांवर ते मिळतं, गावातल्या प्रत्येक पंपावर मिळत नाही, तुमचा नेहमीचा पंप कोणता ते बघून ठेवा.

प्रश्न : मी स्वतः गाडी चालवते आणि ही गाडीही मीच चालवणार. शोरूममध्ये सगळं बोलणं मिस्टरांशी, मला फक्त कलर विचारला. टेस्ट ड्राइव्ह पण दहा मिनिटांची, सरळ रस्त्यावर. मला नेमकं काय तपासायला हवं? (अमळनेर)

ताई, आधी सेल्समन बदलून मागा. हे मी रागाने नाही सांगत, व्यवहाराचं सांगतोय, ज्याला गिऱ्हाईक कोण तेच कळलं नाही तो पुढे सर्व्हिसच्या वेळी काय कळवणार.

सीट पूर्ण वर घ्या, स्टेअरिंग आपल्याकडे ओढा, मग बघा बॉनेटचं टोक दिसतं का. कित्येक मोठ्या गाड्यांत कमी उंचीच्या ड्रायव्हरला ते दिसत नाही आणि मग बाजारपेठेत रिक्षाच्या मागे किती जागा उरली हे नुसतं सेन्सरच्या पीं-पीं वर ठरवायचं. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूचे खांब किती जाड आहेत ते वळणावर बघा, जाड खांबामागे अख्खी मोटरसायकल लपते. ३६० डिग्री कॅमेरा पाहिजेच पाहिजे, आणि त्याचं चित्र दिवसा नाही, रात्री बघा, स्वस्तातल्या कॅमेऱ्यांचं रात्री भरीत होतं.

तुमच्या घराचा बोळ, दूधवाल्याचं वळण, भाजीबाजार, मुलांच्या शाळेचं गेट, हीच तुमची टेस्ट ड्राइव्ह. सरळ रस्त्यावर तर ट्रॅक्टर पण छान चालतो. रिव्हर्समध्ये स्वतः गाडी अंगणात लावून बघा, मिस्टरांना खाली उतरवून "येऊ द्या, येऊ द्या" करायला लावू नका, कारण रोज ते नसणार. बाकी ब्रेक होल्ड नावाचं बटण असतं, सिग्नलला पाय काढला तरी गाडी उभी राहते, ते वापरून बघा. छोट्या मुलाची सीट लावणार असाल तर आयसोफिक्सचे हूक मागच्या सीटच्या फटीत असतात, काही गाड्यांत ते इतके आत खुपसलेत की नखं तुटतात, मुलाची सीट घरून नेऊन लावून बघा.

मॉडेल तुम्ही विचारलं नाही म्हणून सांगत नाही. पण अमळनेरच्या गल्ल्या बघता पावणेपाच मीटरपेक्षा लांब गाडीच्या नादी लागू नका.

प्रश्न : नाना म्हणे फॉर्च्युनर, पोरं म्हने मर्सिडीज. आते तुम्हीच सांगा, गाडी कोनती लेवानी? शेतात जावं लागतं, वर्षातून दोन-तीनदा तोरणमाळ, आणि सुरतला नातेवाईक. (शहादा)

अहिराणीत विचारलंत म्हणून तुमचं पत्र वरती घेतलं.

फॉर्च्युनर ही लॅडर फ्रेमची गाडी, खाली लोखंडी सांगाडा आणि त्यावर बॉडी ठेवून बोल्टने आवळलेली, तुमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचंच मोठं, शहाणं रूप समजा. २.८ लिटर डिझेल, २०४ हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे खेचायची ताकद, फोर बाय फोर घेतली तर चिखला-चढासाठी लो गिअर पण मिळतो. मार खाते, वाकत नाही, जुनी विकायला काढली तर संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक दारात. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, व्होल्वोच्या या गटातल्या गाड्यांत बॉडी आणि सांगाडा एकच असतो, त्यालाच लोक क्रॉसओव्हर म्हणतात, त्या रस्त्याला चिकटून जाणाऱ्या, आतून शांत. सुरतच्या हायवेवर तीन तास फॉर्च्युनरच्या मागच्या सीटवर बसा आणि मग तीन तास जीएलसीच्या, दुसऱ्या दिवशी कंबर स्वतःच सांगेल.

पण शेताचं काय? इथे एक गैरसमज फार आहे. "ऑल व्हील ड्राइव्ह आहे ना सर, कुठेही जाईल". नाही जात. आपली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत भरते, खाचा बुजल्या की टायर गुळगुळीत, मग दोन चाकं फिरोत नाहीतर चार, गाडी जागच्या जागी. लक्झरी गाड्यांचे टायर हायवेचे असतात, खाचा उथळ, त्यात चाक १९-२० इंची म्हणजे रबराची भिंत बुटकी, खड्ड्याच्या धारेवर जोरात आपटलं की साइडवॉल कापला जातो आणि त्याला पंक्चर काढणं नसतं, सरळ नवीन टायर, तोही शहाद्यात मिळेलच असं नाही. काही गाड्यांना रनफ्लॅट टायर येतात, हवा गेली तरी ऐंशीच्या स्पीडने साधारण ऐंशी किलोमीटर नेता येते, म्हणजे तोरणमाळहून खाली शहाद्यापर्यंत याल, ते चांगलंय. पण ते टायर कडक असल्यामुळे खड्डे जास्त जाणवतात.

नानांचं बरोबर, जर गाडी खरंच शेतात जाणार असेल. पण मी एक विचारतो, खरंच जाणार का? साठ-सत्तर लाखाची गाडी कापसाच्या वावरात नेणारा माणूस मी अजून बघितला नाही, सगळे बांधावर लावतात आणि पायी जातात. बांधापर्यंत कोणतीही गाडी जाते. तोरणमाळचा घाटही डांबरीच आहे. तर मग मर्सिडीज म्हणणाऱ्या पोरांना झुकतं माप. एका अटीवर, दरवेळी सर्व्हिसला नाशिक किंवा सुरत गाठायचं कोण हे आत्ताच ठरवा, नाहीतर ते काम शेवटी नानांच्याच गळ्यात पडणार आणि मग घरात जे होईल त्याला मी जबाबदार नाही. फॉर्च्युनरचं ऑइल मात्र जवळच बदलून मिळतं.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा घ्यायचा असेल आणि गाडीला ट्रेलर जोडायचा विचार असेल, तर क्रॉसओव्हरचं नाव सोडा.

प्रश्न : पॅनोरमिक सनरूफ घ्यावं का? (भुसावळ)

भुसावळहून हा प्रश्न? मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो तिथे? या गटात बहुतेक गाड्यांना काचेचं छत येतंच, तुम्हाला निवड नसते. फक्त आतला पडदा जाड आहे की जाळीदार ते बघा, जाळीदार असेल तर डोकं तापतं. टेस्ट ड्राइव्ह सकाळी दहाला नको, दुपारी दोनला घ्या, गाडी आधी अर्धा तास उन्हात उभी करायला सांगा, मग मागे बसून किती मिनिटांत थंड होते ते बघा. पांढरा किंवा सिल्व्हर रंग आणि आतून फिकट सीट्स, काळ्या आतल्या रंगाच्या मोहात पडू नका. काळी फिल्म मारून घेण्याच्या भानगडीत पण पडू नका, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायला पाहिजे हा नियम आहे, चौकात थांबवतात.

प्रश्न : चार वर्षं वापरलेली लक्झरी एसयूव्ही चाळीस लाखाच्या आसपास मिळतेय. त्याच पैशात नवीन स्कोडा कोडियाक किंवा टोयोटा इनोव्हा हायक्रॉस येते. दोन्ही नव्या गाड्या चालवल्या, छान वाटल्या, पण जुनीचा रुबाब वेगळाच. (चाळीसगाव)

रुबाबाचे पैसे दोनदा द्यावे लागतात, एकदा घेताना आणि एकदा वॉरंटी संपल्यावर. एअर सस्पेन्शनचं काम निघालं तर बिल लाखाच्या घरात जातं, आणि ते काम चाळीसगावात होत नाही. जुनी घ्यायचीच असेल तर कंपनीच्या स्वतःच्या सेकंडहँड विभागातूनच घ्या, एक्सटेंडेड वॉरंटी शिल्लक असलेली, सर्व्हिसचा सगळा रेकॉर्ड कागदावर असलेली. आणि भाव पाडा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून जो पन्नास टक्क्यांपर्यंत जायचा तो सरळ ४० टक्के झाला, त्याने नव्या गाड्या स्वस्त झाल्या, मग जुन्या गाडीचा भाव जुन्याच हिशोबाने कसा लावतात?

नव्या दोघींत, कोडियाक. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २०४ हॉर्सपॉवर, फोर बाय फोर, कन्नडचा औट्रम घाट चढताना मन भरतं. तिची तिसरी रांग मात्र विसरा, ती बॅगांसाठी आहे. हायक्रॉस त्याउलट, आठवड्याला सहा-सात माणसं बसणार असतील तर तीच, हायब्रिडचं प्रमाणित अ‍ॅव्हरेज २३.२४ किलोमीटर लिटरला, आणि मधल्या खुर्च्या पाय वर करून झोपण्याच्या. चालवायला कंटाळवाणी. तुम्ही स्वतः चालवणार की ड्रायव्हर, यावर ठरवा.

प्रश्न : सराफी पेढी आहे. गाडी पेढीच्या नावावर घ्यावी की स्वतःच्या? डिझेल आणि पेट्रोलच्या ऑन-रोडमध्ये एवढा फरक कसा? (जळगाव)

फरक आरटीओचा. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या गाडीला स्वतःच्या नावावर पेट्रोलला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के वाहनकर, म्हणजे सत्तर लाखाच्या गाडीला नुसता इंधनामुळे साधारण १ लाख ४० हजारांचा फरक. डिझेलच्या अ‍ॅव्हरेजमधून हा फरक वसूल व्हायला भरपूर पळावं लागतं, दुकान ते घर पळणाऱ्या गाडीला तो कधीच वसूल होत नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला आयकर, कापतात, तो खर्च नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, सीएला पावती द्यायला विसरू नका.

कंपनीच्या नावावर नोंद केली तर वाहनकर स्वतःच्या नावापेक्षा बराच जास्त बसतो. बदल्यात घसारा आणि कर्जाचं व्याज धंद्याच्या खर्चात दाखवता येतं. पण जीएसटीचं इनपुट, म्हणजे गाडीवर भरलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वळता करून, मिळेल या आशेवर राहू नका, पेढीच्या कामाला वापरलेल्या अशा गाडीवर ते मिळत नाही, विकणारा काहीही सांगो. तुमची पेढी भागीदारी आहे की मालकीची हे लिहिलं नाही, त्याने बराच फरक पडतो. कोटेशन हातात घ्या, एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, टीसीएस वेगवेगळे लिहून घ्या, "हँडलिंग चार्ज" नावाची ओळ दिसली तर तिच्यावर काट मारा, आणि तो कागद बुकिंगच्या आधी सीएकडे न्या.

इन्शुरन्स बाहेरूनही काढता येतो, शोरूमचाच घ्यावा अशी सक्ती नाही. झीरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं कव्हर, आणि टायरचं कव्हर घ्या, इंजिनात पाणी जाण्याचं कव्हर पण घ्या. पहिल्या पावसात शहरातल्या सखल रस्त्यांवर किती पाणी साचतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.